हरकत असेल त्यानं माईकवर यावं

माझा आवाज तुम्ही ऐकला नसेल, तर एक तर तुम्ही मुळशी तालुक्यात कधी पाऊल ठेवलेलं नाही, किंवा तुम्ही जत्रेच्या दिवशी कानात कापूस घालून झोपता. तिसरं कारण असूच शकत नाही. कासारसाईला शर्यती होत्या तेव्हा माझा पुकारा धरणाच्या भिंतीवर आपटून परत आला. तोवर मी पुढच्या गाड्याचं नाव घेत होतो. मागच्या गाड्याचा मालक परत आलेल्या आवाजाला 'आलो, आलो' म्हणत पुन्हा बैल जुंपायला लागला. ताम्हिणीला एका ढाब्याच्या उद्घाटनाला असा पाऊस लागला की माईकच पाण्यानं भरला. मी तो उपडा करून पाणी ओतलं, तर त्या पाण्याबरोबर दोन पाहुण्यांची नावंही खाली सांडली. यातलं निम्मं खोटं आहे, असं आमची मंडळी म्हणते. कुठलं निम्मं, ते तिला अजून सांगता आलेलं नाही.

मी बैलगाडा शर्यतीचा निवेदक. शहरातल्या वाचकांना वाटेल, त्यात काय, माईक धरायचा आणि ओरडायचं. ओरडायला काय, हिंजवडीच्या चौकात सगळेच ओरडतात. निवेदकाचं काम वेगळं. आमच्याकडे गाडा चढावर पळतो. त्या चढाला घाट म्हणायचं. खाली बैल जुंपतात, वर निशाण असतं, आणि खालून वर जाण्याला बारी म्हणतात. बारी सुटली की डोळ्याची पापणी लवायच्या आत संपते. वर्षभर पेंड, दूध, अंडी, मालिश; आणि पळायचं ते एवढंसं. मग माणूस वर्षभर एवढा खर्ची पडतो कशासाठी? बैल पळतोय तेवढ्यात भोंग्यावरून आपलं नाव, बापाचं नाव आणि गावाचं नाव पंचक्रोशीत घुमावं यासाठी. ते नाव माझ्या तोंडात असतं. माझ्याकडं आमदारही जरा अदबीनं बघतात ते उगीच नाही.

नाव ही चीज काय आहे, ते मला विचारा. ताम्हिणीकडचा एक गडी होता. नवं लग्न झालेलं. सासऱ्याला शर्यत दाखवायला आणलेलं. स्वतःचा गाडा नाही, बैल नाही, साधं शेपूटही नाही. मी ज्यावर उभा राहून पुकारतो त्या मचाणाच्या शिडीशी येऊन म्हणाला, "अण्णा, फकस्त एकदा नाव घ्या. कशापायी बी घ्या." मी पुकारलं, "अमुक गावचे तमुक यांची मोटारसायकल रस्त्यात आडवी लागलेली आहे, त्यांनी ती त्वरित बाजूला घ्यावी." सासरा असा खूश झाला म्हणता! जावयाला मोटारसायकल आहे हे त्यालाही तेव्हाच कळलं. जावयालाही.

अशा मुलखात बिननावाची माणसं निपजली, ही त्या फोनची करामत.

आधी सांगतो, मी जुन्या काळाचं कौतुक करणारा नव्हे. शर्यती फोनवर थेट दिसायला लागल्या तेव्हा सगळ्यात जास्त नाचलो मी. माझा आवाज दुबईला गेला! पण त्या चित्राच्या खाली एक गटार वाहतं, त्यात कुणीही काहीही लिहितो. कुणाच्या नावाजागी वाघ, कुणाच्या तलवार, कुणाच्या गुलाबाचं फूल. एकदा त्या गुलाबानं लिहिलं, 'म्हाताऱ्याचा आवाज फाटलाय, बसवा त्याला खाली.' मी भोंग्यावरून पुकारलं, "गुलाब जिथं कुठं फुलले असतील त्यांनी सुईदोरा घेऊन मचाणावर यावं, आवाज शिवून द्यावा." गुलाब आला नाही. मात्र बाजूला उभे असलेले कमिटीचे खजिनदार, जे मला दर बारीला अदबीनं पाणी देत होते, ते एकाएकी लघवीला म्हणून गेले ते जत्रा संपेस्तोवर परतले नाहीत. मी काही म्हणत नाही. मी फक्त पाणी मिळालं नाही एवढंच सांगतो.

शिमग्याला आम्हीही बोंब मारतो. नको नको ते बोलतो. पण तोंडावर हात उलटा धरला तरी तो हात कुणाचा, ते समोरच्याला दिसतं, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याच बांधावरून जायचं असतं. त्यामुळे बोंबेलाही एक माप असतं. फोनवर बांधच नाही, मग माप कुठलं?

आमच्या घाटाचा एक दंडक आहे. कुणाच्या गाड्याबद्दल काही आक्षेप असेल, बैलाला काही टोचलंय, वयात फसवाफसवी आहे, दुसऱ्याचा बैल आपला म्हणून जुंपलाय, तर ते बारी सुटायच्या आधी सांगायचं. कुजबुजून नाही. मचाणावर यायचं, देवाच्या ताटातला भंडारा मुठीत घ्यायचा, आणि माईकवर स्वतःचं नाव, बापाचं नाव, गाव सांगून मगच हरकत सांगायची. ज्याच्यावर हरकत, त्यानंही तिथंच उभं राहून उत्तर द्यायचं. बारी सुटली की हरकत मेली. या दंडकामुळे घाटात भांडणं होत नाहीत असं नाही, रग्गड होतात. पण कोण कुणाशी भांडतोय हे सगळ्यांना माहीत असतं.

आता मूळ गोष्ट. ज्या गावच्या जत्रेत हे घडलं त्याचं नाव घेत नाही, त्या गावात मला अजून पुरणपोळी खायला जायचंय.

माणमध्ये सोपानराव म्हणून माझे दोस्त होते. जमीन कंपन्यांच्या पायाखाली गेली, उरलेल्या तुकड्यावर खोल्या बांधल्या, लातूर-नांदेडची पोरं भाड्यानं ठेवली. पण अंगणात सिमेंट ओतताना बैलांचा गोठा तेवढा सोडला. काचेच्या इमारतीच्या सावलीत उभे असलेले त्यांचे बैल, राजा आणि सर्जा, मी डोळ्यांनी पाहिलेत. त्या काचेत राजाला स्वतःचं तोंड दिसायचं आणि तो दुसऱ्या बैलाला हाणायला धावायचा, म्हणून त्या कंपनीनं खालच्या मजल्यावर पडदे लावले. हे खरं आहे. पडदे आजही आहेत.

सोपानराव गेले. लोक म्हणाले, आता बैल बाजारात जाणार. त्यांची पोरगी पूनम हिंजवडीत कंपनीत कामाला. ती म्हणाली, गाडा पळणार. आणि पळवला! सकाळी बैलांना फिरवायची, मग आंघोळ करून गळ्यात कंपनीचं कार्ड घालून कामावर. मी पुकारायचो, "कैलासवासी सोपानराव यांचा गाडा, मालक कुमारी पूनम, मुक्काम माण!" तेव्हा बायका टाळ्या वाजवायच्या. शर्यतीत बायकांच्या टाळ्या आणणारा निवेदक महाराष्ट्रात मी एकटा. बाकीच्यांनी नंतर नक्कल केली.

पण फोनवर एक वाघ उगवला. 'मुळशीचा ढाण्या'. काळा चष्मा घातलेल्या वाघाचं चित्र. पहिल्यांदा लिहिलं, 'सर्जाला पळवायला औषधाची सुई टोचतात.' मग, 'डॉक्टरचा दाखला खोटा.' मग घसरला. 'बाप मेला आणि पोरगी भाडेकरूंच्या गाडीवर फिरते, बैलांचं नुसतं निमित्त.' याच्यापुढचं मी इथं लिहीत नाही, दिवाळी अंक घरात सगळे वाचतात. पण फोनवर लोकांनी त्याला अंगठे दिले. हसणारी तोंडं चिकटवली. ज्यांनी तिला कडेवर खेळवलं होतं, त्यांनीही.

त्या जत्रेच्या सकाळी कमिटीचे अध्यक्ष विलासशेठ घामाघूम होऊन मचाणावर आले. "अण्णा, माणचा गाडा यादीतून काढा."

"का?"

"हा वाघ बगा काय लिवतोय. सुईचं वरपर्यंत गेलं तर परवानगी जाईल. जत्रा बंद पडंल."

"हरकत कुणी घेतली?"

"ह्यानंच की. वाघानं."

"त्याच्या बापाचं नाव?"

विलासशेठ चिडले. "अण्णा, चेष्टेची येळ न्हाई. गाडा नगं म्हंजी नगं."

खाली पूनम उभी होती. तिनं ऐकलं. तिची आई बैलांपाशी होती, तिच्याकडं एकदा बघून पूनम वर आली. "अण्णा, आई म्हणालीये, आज गाडा माघारी गेला तर उद्या बैल दावणीला ठेवणार नाही. घेणारा तयार आहे. तिला बैलांचं ओझं नाही हो. बाजारात गेली की बायका बोलायच्या थांबतात, त्याचं ओझं झालंय."

मी म्हटलं, "पोरी, घाटाचा दंडक हाय. हरकत माईकवर येईल, न्हाईतर ती हरकतच न्हाई. पण मग हे लिहिलेलं मला भोंग्यावर वाचावं लागंल. वाचू का?"

ती म्हणाली, "वाचा. पण सगळं वाचा. अर्धं वाचलंत तर उरलेलं लोक मनानं भरतील."

मी आयुष्यात मंत्र्यांची भाषणं सहन केली, वराती झेलल्या, एकदा तर उधळलेला बैल मचाणावर चढून माझ्या शेजारी उभा राहिला तेव्हा त्याचंही स्वागत केलं. पण तो कागद, म्हणजे तो फोन, हातात धरला आणि माझी जीभ जड झाली. तरी वाचलं. जसं गाडामालकांची नावं वाचतो तसं, ठणठणीत, सावकाश. "हरकत घेणार, मुळशीचा ढाण्या. बापाचं नाव, दिलेलं नाही. गाव, दिलेलं नाही. हरकत पुढीलप्रमाणे."

सुईचं वाचलं तेव्हा खाली कुजबुज झाली. पोरीचं वाचायला लागलो आणि घाट गप्प झाला. आधी मला वाटलं भोंगा बंद पडला. तेच शब्द होते बरं का, जे वाचून फोनवर दात काढले होते. पण इथं ज्याच्या त्याच्या शेजारी त्याची आई उभी, पलीकडं देवाची पालखी, समोर ती पोरगी मान वर करून उभी. एकही माणूस हसला नाही. खिशात फोन घालणाऱ्या हातांची सळसळ मला वर ऐकू आली. एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "कुणाच्या गं पोटचा हा?"

मी तीनदा पुकारलं. "हरकत असेल त्यानं माईकवर यावं!" मागून एक टारगट ओरडला, "अण्णा, ढाण्या झाडीत गेला, पिंजरा लावा!" हशा पिकला. पण वाघ काही येईना.

विलासशेठ माझ्या कानाशी लागले. "नाव न्हाई दिलं म्हून खोटंच आसंल कशावरून? म्या जोखीम घ्यायचो न्हाई."

आता बघा, निवेदकाचा धंदा हा माणसाच्या नसा ओळखायचा धंदा. त्या वाघानं लिहिलेल्यात घाण होती, पण मधूनमधून बैलाची जाणही होती. राजाला डावीकडं जुंपलं तर तो मान आत घेतो. सर्जाला शेवटच्या चढाला हाक लागते. असलं घरच्या माणसाला, नाहीतर जातिवंत बैलवाल्याला कळतं. माझा संशय कुणावर होता ते त्या वेळी मी देवालाही सांगितलं नसतं. मी माईक हातात घेतला.

"मंडळी! वाघ लाजतोय. पण त्याचा बैलांचा अभ्यास बघा! राजा मान आत घेतो, हे अख्ख्या तालुक्यात किती जणांना कळंल? असा जाणकार एकच. घाटाचे भीष्म पितामह, कासारसाईचे नामदेवतात्या! कमिटीतर्फे तात्यांचा फेटा बांधून सत्कार!"

नामदेवतात्या ऐंशीच्या घरातले. दोन्ही कान बंद. फेटा दिसला की डोकं पुढं करायचं, कारण विचारायचं नाही, असं साधं सरळ आयुष्य. ते हसत हसत आले, खाली वाकले, फेटा चढला, संबळ वाजलं. तात्यांनी सगळ्यांना हात जोडले.

आणि गाडे जुंपायच्या जागेवरून आवाज आला.

"त्या नामदेवला? त्याला बैलाचं शिंग कुटलं आन् शेपूट कुटलं कळत न्हाई, त्याला फेटा? आरं त्यानं आयुष्यात राजाच्या पाठीवर हात तरी ठिवलाय का? ते समदं मी लि..."

आणि तिथं तो थांबला.

दशरथनाना. पूनमचा सख्खा चुलता. सोपानरावांचा पाठचा भाऊ, त्याच अंगणात राहणारा. बैलाच्या पारखीवरून त्याचं नि नामदेवतात्यांचं तरणेपणापासूनचं वैर. दुनियेनं शिव्या घातल्या असत्या तर नाना झाडीत बसून राहिला असता. पण आपल्या अकलेचा फेटा त्या नामदेवच्या डोक्यावर? हे आमच्या भागातल्या माणसाला सोसत नाही. पोलीस असले वाघ कसे शोधतात कुणास ठाऊक, आमच्याकडं एक फेटा पुरतो.

संबळवाला मधेच थांबला. लोकांनी आपोआप वाट करून दिली. नानाला यावंच लागलं. शिडी चढला. भंडारा मुठीत घेतला.

मी म्हटलं, "नाव?"

"तुला ठावं हाय की."

"दंडक हाय, नाना."

त्यानं नाव सांगितलं. मग बापाचं नाव सांगितलं. ते पूनमच्या आजोबांचं नाव. मग गाव.

"हरकत काय?"

मुठीत भंडारा होता. नाना भोंग्यात म्हणाला, "बैलास्नी काय न्हाई. सुई न्हाई, काय न्हाई. माझ्याच हातची वैरण खात्यात त्ये."

"मग लिहिलंस कशापायी?" हे विलासशेठ.

"भाऊ गेल्यापास्नं गोठा मी झाडतुया. गवात मी आणतुया. आन् हितं ह्यो अण्णा काय पुकारतो? भावाचं नाव, पोरीचं नाव. टाळ्या तिला. मी वर बैलं धरून उभा, माझं कुत्रं बी नाव घेत न्हाई. फोनात वाघ झालो, लोकं इचारायला लागली, 'वाघ काय म्हनतो?' बरं वाटलं. मंग आजून लिवलं. जरा तिखाट लिवलं की जास्ती अंगठं येत्यात."

खरं सांगतो, मला त्याचा राग यायच्या ऐवजी स्वतःचं तोंड कडू झालं. इतकी नावं या तोंडातून गेली! मोटारसायकल नसलेल्याची मोटारसायकल पुकारली! आणि बैल धरणाऱ्याचं नाव यादीत नसतं, म्हणून मी कधी घेतलं नव्हतं.

पूनमनं माझ्या हातातून माईक घेतला. रडेल असं वाटलं होतं. ती रडली नाही.

"नाना, बैलांचं लिहिलंत त्याचं मला काही नाही. माझ्याबद्दल लिहिलंत, ते आता इथं, माझ्याकडं बघून परत म्हणा."

तिनं माईक त्याच्या तोंडापुढं धरला.

"म्हणा ना. चष्मा नाही, वाघ नाही. तुम्ही आणि मी."

मला आठवतं, नंतर एकदा गप्पांत तिनंच मला सुनावलं होतं, "अण्णा, नाव लपवणं नेहमीच वाईट नसतं हं. आमच्या कंपनीत एका साहेबाचे चाळे एका मुलीनं नाव न देता लिहिले, म्हणून तो गेला. नाव दिलं असतं तर ती गेली असती." मी मान्य केलं. दुबळ्यानं तोंड झाकलं तर ती ढाल. पण ज्याच्या ताटात आपण जेवतो त्याच्यावर अंधारातून दगड मारायला तोंड झाकलं, तर तिला ढाल कोण म्हणेल?

नानानं डोक्यावरची टोपी काढली. भंडारा मुठीतून सांडून धोतरावर पिवळा डाग पडला. भोंग्यातून फक्त त्याचा श्वास ऐकू येत होता, आणि तो सगळ्या घाटानं ऐकला.

"न्हाई येत म्हनता," तो अखेर बोलला. "तोंडातनं निगंना."

"मग हरकत आहे का?"

"न्हाई."

पूनमनं माईक परत दिला. "विलासकाका, हरकत नाही. अण्णा, पुकारा." एवढं बोलून ती शिडी उतरली. माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि मीही तसं इथं लिहिणार नाही. तिची आई बैलांचा कासरा धरून उभी होती. तिनं दिराकडं बघितलंसुद्धा नाही, पण पोरीच्या हातात कासरा दिला.

बैल जुंपले. आणि मग एक अडचण सगळ्यांच्या एकदमच लक्षात आली. बारी संपल्यावर निशाणाच्या पुढं बैल थांबत नाहीत. जीव तोडून पळालेला बैल ओळखीच्या हाकेलाच थांबतो, नाहीतर गर्दीत घुसतो आणि माणसं तुडवतो. राजा आणि सर्जा एकाच हाकेला थांबायचे. ती हाक मचाणाखाली टोपी हातात घेऊन, कुठं जावं हे न कळून उभी होती.

पूनमनं वळून पाहिलं. "नाना, बघताय काय? वर कोण धरणार? पळा!"

ऐंशीचे नामदेवतात्या फेट्यासकट बाजूला झाले. दशरथनाना पळाला. एका पायात वहाण, एक मागं राहिली, धोतराचा सोगा दातात. चढ असा चढला की त्या दिवशीच्या निम्म्या बैलांना त्यानं हरवलं असतं. घड्याळ लावायला हवं होतं. तो वर पोचला आणि मी दम भरून पुकारलं. सोपानरावांचं नाव, पूनमचं नाव, आणि मग, यादीत नसलेलं, "वर बैल धरायला उभे, दशरथराव, मुक्काम माण!" बापाचं नावही घेतलं, पूर्ण. टाळ्या पडल्या नाहीत. नाव तेवढं घुमलं.

बारी सुटल्याची आरोळी ठोकली, झाली... भिर्रर्र!

पहिला नंबर नाही आला. तिसरा आला. मी बोलायला लागलो तर पहिला म्हणून सांगेन, पण त्या दिवशीचं मी खरं सांगतो. निशाण ओलांडून राजा-सर्जा गर्दीच्या दिशेनं वळले आणि नानानं हाक दिली. बैलांना नावानं, त्यांच्या आईवरून, आजीवरून, पोटातून ओरडून. माझे चार भोंगे पूर्ण चालू होते. पण तो आवाज त्यांच्यावरून गेला. माझ्या आख्ख्या आयुष्यात माझ्यावर आवाज चढवणारा तो एकच माणूस भेटला. बैल थांबले, मान हलवली, आणि सर्जानं त्याच्या धोतराचा तो पिवळा डाग चाटला.